तीस पावलांचं मैदान

बाबूजींना काढण्यासाठी सात हात वर झाले. त्यातला एक माझा होता.

हे आधीच सांगून टाकते, कारण गावातल्या काही बायकांना अजून वाटतं की माझा हात चुकून वर गेला, मी पदर सावरत होते. पदर वगैरे काही सावरत नव्हते. मला राग आला आणि मी हात वर केला. माझं हे लहानपणापासूनच आहे, आधी हात चालतो आणि डोकं मागून येतं. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे परवडत नाही. कापलेलं कापड पुन्हा जोडता येतं, पण शिवण दिसतेच.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावहून मोटरसायकलने वीस मिनिटांवर. इथे पोरी बेसबॉल खेळतात असं सांगितलं की बाहेरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, कबड्डी का नाही? त्याचं उत्तर बाबूजी, म्हणजे माझे वडील. लग्नाआधी ते नागपुरात एका कॉलेजच्या मैदानावर चुना मारायच्या कामाला होते. सकाळी रेषा आखायच्या आणि दिवसभर सावलीला बसून खेळ बघायचा. बघून बघून त्यांना बेसबॉल पाठ झाला. आजोबा गेल्यावर शेती सांभाळायला ते गावी परतले, तेव्हा त्यांच्या पिशवीत एक जुनी बॅट आणि दोन फाटके ग्लोव्ह होते. आई म्हणायची, लोक शहरातून साडी आणतात, या माणसाने लाकूड आणलं.

पहिल्या संघात मी होते. आम्ही तेरा जणी, सगळ्या आठवी-नववीतल्या. बाबूजी शिकवायचे आणि काकाजी बाकीचं सगळं बघायचे. काकाजी म्हणजे बाबूजींचे बालमित्र, बुद्धविहाराच्या मागे राहणारे, एसटीत कंडक्टर होते. नावनोंदणीचे फॉर्म, जन्मदाखल्यांच्या झेरॉक्स, नागपूरची बस, पोरींचे डबे, कुणाच्या घरचे सोडत नसतील तर त्या घरी जाऊन चहा पिणं, हे सगळं त्यांचं. निवृत्त झाल्यावरही त्यांची ती कंडक्टरची कातडी बॅग खांद्याला असायची, तिकिटांऐवजी त्यात आमचे दाखले. गावात दोघांचं नाव एकत्रच घेतलं जायचं. एकाला बोलावलं की दुसरा येणारच, म्हणून चहाचे दोन कप आधीच मांडायचे.

मैदान आमचं बोडीच्या पोटात होतं. बोडी म्हणजे गावाचं लहान तळं, धानाला पाणी द्यायचं. धान कापून झालं, संक्रांत उलटली की पाणी एका कोपऱ्यात जातं आणि बाकी बूड कोरडं पडतं, सपाट, टणक. तिथे खेळायचं. पावसाळ्यात सगळं पुन्हा पाण्याखाली, म्हणून दर वर्षी मैदान नव्याने आखावं लागायचं. बेसबॉलला चार बेस लागतात, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर, आणि एका बेसपासून दुसऱ्यापर्यंत नव्वद फूट. बाबूजी ते पावलांनी मोजायचे. तीस पावलं, प्रत्येक पाऊल तीन फूट. नागपूरच्या कॉलेजातल्या साहेबाने एकदा पैज लावून टेप टाकला होता आणि बाबूजींचं पाऊल बोटभरही चुकलं नव्हतं, ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती की आम्हीच पुढचं वाक्य म्हणायचो.

आखणीचा दिवस गावात सणासारखा असायचा. बाबूजी धोतर खोचून पहिल्या खुंटीपाशी उभे राहायचे, काकाजी मागे चुन्याची बादली घेऊन, आणि आम्ही पोरी काठावर बसून मोठ्याने पावलं मोजायचो. तीस झाले की टाळ्या. कुणी टेप आणायचा विषय काढला नाही. काढलाच असता तर तो अपमान ठरला असता.

त्या वर्षांत आम्ही जिंकायचो. जिल्ह्यात तर जिंकायचोच, कारण जिल्ह्यात संघच दोन होते. पण नागपूरला विभागाच्या स्पर्धेतही आम्ही दोनदा शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो. माझ्याबरोबरची एक जण त्या प्रमाणपत्रावर पोलिसात लागली. मग काय, गावातल्या प्रत्येक आईबापाला बेसबॉल म्हणजे पोलीस भरती वाटायला लागलं.

मग एका वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाबूजींचा पाय चिखलात फसला आणि गुडघा फिरला. गोंदियाला दाखवलं, पट्टा बांधला, दोन महिन्यांत ते चालायला लागले. थोडं लंगडत, पण चालायला लागले. आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला आणि विसरून गेलो.

त्यानंतर संघ हरायला लागला. लागोपाठ सात वर्षं, विभागात पहिल्याच सामन्यात बाहेर. गावाने कारणं शोधली. पोरी मोबाइलमध्ये डोकं घालून असतात. पोरींना दम नाही. बाबूजी म्हातारे झाले, त्यांचं शिकवणं जुनं झालं. काकाजी बस उशिराची घेतात, पोरी उपाशी खेळतात. मीसुद्धा एकदा काकाजींना म्हणाले होते की तुम्ही पोहे फार तेलकट करता. ते म्हणाले, “हो बाई, माहं चुकलंच.” आता आठवलं की लाज वाटते.

तेव्हाच गोंदियाहून एक सर येऊ लागले. टी-शर्ट, गळ्यात शिट्टी, हातात फाइल. हिंदीत बोलायचे, गोड बोलायचे. संघ त्यांना चालवायला हवा होता. एकदा जर्सीचं माप विचारायला म्हणून ते आमच्याकडे आले आणि तासभर बसून त्यांनी सांगितलं, “देखिए दीदी, भावना से टीम नहीं चलती. सिस्टम चाहिए.” मी म्हणाले, चहा घ्या. त्यांनी घेतला.

पण आईबाप त्यांच्याकडे झुकले. शेवटी ठरलं की बाबूजी आणि काकाजी, दोघांना ठेवायचं की काढायचं, हे पहिल्या संघातल्या बायकांनी ठरवावं. संघ आम्हीच सुरू केला होता ना. तेरा जणी, कुणी गोरेगावात दिलेल्या, कुणी नागऱ्याला, एक पार चिचगडकडे. आठवडी बाजाराच्या दिवशी सगळ्या अशाही येतातच, म्हणून बैठक बाजाराच्या दुपारी, विहाराच्या ओसरीत.

बैठकीच्या चार दिवस आधी संघाची कॅप्टन माझ्याकडे ब्लाउज टाकायला आली. माझ्या शेजारच्या घरातली ती, बारावीची, गावात तिच्यासारखं कुणी पळत नाही. मी बाही मोजत होते आणि ती आरशात बघत बोलत होती. “ताई, तिथं मैदान एवढं मोठं काऊन असते वो? आपल्या इथं मी सरसर पोचतो. तिथं बेस समोर दिसून रायला, अना मी पोचूनच नाई रायली. दरवेळी दोन पावलं कमी.”

मी म्हणाले, घाबरत असशील. ती म्हणाली, “घाबरून नाई रायली. दूर असते.”

ती गेली आणि माझ्या हातातला टेप तसाच राहिला. आमचा टेप साठ इंची, म्हणजे पाच फूट. मी सुतळीचा गुंडा घेतला आणि अठरा वेळा टेप लावून नव्वद फूट सुतळी मोजली, शेवटी गाठ मारली. दुपारची वेळ होती, बोडीत कुणी नव्हतं. त्या वर्षीच्या चुन्याच्या रेषा अजून पांढऱ्या होत्या. मी पहिल्या खुंटीला सुतळी बांधली आणि पुढच्या बेसकडे चालत गेले. बेसपाशी पोचले तरी माझ्या हातात सुतळी शिल्लक होती. टेपने मोजली. अकरा फूट.

मला वाटलं मी मोजायला चुकले. पुन्हा मोजलं. चौकोनाच्या चारी बाजू मोजल्या. सगळीकडे अकराच्या आसपास कमी. मी तिथेच मातीवर बसले. सात वर्षं बाबूजींचं पाऊल लहान होत गेलं होतं, आणि त्यांच्याबरोबर मैदानही. आणि आम्ही काठावर बसून तीस मोजत टाळ्या वाजवत होतो.

मी थेट काकाजींकडे गेले. ते अंगणात पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावत बसले होते. मी सुतळी त्यांच्यासमोर टाकली. त्यांनी ती उचललीसुद्धा नाही.

“चार वर्षं झाले, मले माहीत आहे,” ते म्हणाले.

मी एवढी ओरडले की त्यांची सून बाहेर आली. सांगितलं का नाही? पोरींचं नुकसान झालं त्याचं काय?

“सांगाले गेलतो. टेप नेला होता मी. तो टेप पाहूनच म्हने, माह्या पावलावर भरोसा नाई तुले? अना बाई, त्याच्या डोऱ्यात पानी आलं. जिंदगीत एक गोष्ट त्याची बरोबर होती. ते कशी काढून घेऊ मी?” मग म्हणाले, “बैठकीत काढायचं तर काढा आमाले. सारं माह्यावर टाका, मी बोलतो बस उशिरा होती, पोहे खराब होते. पन पावलाचं नोको सांगू चारचौघात.”

मी शब्द दिला नाही. पण मोडलाही नाही.

चार दिवस मी एकच विचार करत होते. बैठकीत खरं सांगितलं तर सगळ्यांना समजेल की दोष शिकवण्यात नाही, मापात आहे. टेप लावा, एक वर्ष द्या, झालं. दोघे राहतील. पण मग तेरा बायकांसमोर बाबूजींचं पाऊल उघडं पडेल. आणि नाही सांगितलं तर बहुतेक दोघे जातील. मला तिसरा रस्ता सापडला, तो मला फार हुशारीचा वाटला. बाबूजींनी स्वतःच टेप मागावा, असं काहीतरी करायचं. म्हणजे लाजही राहील आणि मैदानही नीट होईल.

बैठकीला सगळ्या आल्या. पिशव्यांतून वांगी, लाखोळीची भाजी, मुलांसाठी चिवडा. गप्पा, हसणं, कुणाची जावई-सून. मग विषय निघाला. काकाजींनी ठरल्याप्रमाणे सगळं अंगावर घेतलं. बस, पोहे, फॉर्म उशिरा भरला. मान खाली घालून एकेक गुन्हा कबूल करत होते. बाबूजी त्यांच्या शेजारी बसले होते आणि त्यांनी एकदाही त्यांना अडवलं नाही. मला तेव्हाच राग यायला लागला.

मग बाबूजी बोलले. म्हणाले, “पुढच्या साली पोरी जिंकतीन. मी सोता मैदान नव्यानं आखीन. जमीन जरा उंच-नीच झाली आहे, तेच कारन होय.”

मी म्हणाले, “बाबूजी, या वेळी एकदा टेपने मोजून बघू या का? सहज. नियम आहे म्हणतात आता.”

मी अगदी हळू, अगदी लाडाने म्हणाले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बाकीच्यांकडे, आणि हसले. “टेपनं कपडे शिवतेत, बाई. मैदान पायानं मोजतेत.”

सगळ्या हसल्या. काकाजी हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे एकदा बघून नजर खाली केली. आणि माझ्या डोळ्यांपुढे ती कॅप्टन आली, आरशासमोर उभी, दोन पावलं कमी म्हणणारी. माझ्या डोक्यात काय गेलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. हा माणूस आपल्या हट्टापायी सगळ्यांना मातीत घालतोय आणि वर माझ्या धंद्यावर हसतोय, एवढंच. जिने हात मोजायचे होते ती म्हणाली, काढायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा. सहा हात वर गेले. मग सातवा.

बाबूजी माझ्या हाताकडे बघत राहिले. हात खाली घ्यायला हवा होता, पण घेतला नाही. काकाजींनी बॅग उघडली, दाखल्यांची प्लास्टिकची पिशवी काढून चटईवर ठेवली, आणि रिकामी बॅग पुन्हा खांद्याला लावली.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण मला स्वतःला बरोबर ठरवायचं होतं. त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आधी मी बाबूजींना बोडीत घेऊन गेले. ते आले. मी सुतळी खुंटीला बांधली आणि म्हणाले, चला, मोजा. ते चालले. एक, दोन, तीन. मी मोजत नव्हते, तेच मोजत होते, हळू आवाजात. तीसला थांबले. मी सुतळी ताणत पुढे गेले, त्यांना ओलांडून, आणखी अकरा फूट, आणि गाठ जमिनीवर टेकवली.

ते त्या गाठीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, “त्याले माहीत होतं?”

मी हो म्हणाले. खोटं बोलता आलं असतं. त्या एका दिवसात मी जे जे केलं त्यात हे सगळ्यात वाईट.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी नेहमीप्रमाणे आले. आईने दोन कप मांडले होते. बाबूजी उठून मागच्या दाराने शेतात निघून गेले. तिसऱ्या दिवशीही तसंच. आठवड्याने काकाजी यायचे थांबले. पन्नास वर्षांची दोस्ती, भांडण नाही, शिवी नाही, नुसती संपली. आई अजून कधीकधी सवयीने दोन कप काढते आणि एक परत ठेवते.

आणि बाबूजींचं सहज चालणं, फिरणं थांबलं. त्यांना शेतात जाताना मी बघायचे. ओठ हलायचे. पावलं मोजत होते. घरापासून आंब्यापर्यंत, आंब्यापासून धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत. मध्येच थांबायचे, पाय पुढे टाकून बघायचे, अजून ताणून बघायचे. मी एकदा म्हणाले, बाबूजी, सोडा ना आता. ते म्हणाले, “तुले कायले त्रास, तुह्या कामाले लाग.”

पुढच्या संक्रांतीनंतर गोंदियाच्या सरांनी मैदान आखलं. स्टीलचा मोठा टेप, दोन पोरांनी ताणून धरलेला, बरोबर नव्वद फूट. मी मुद्दाम बघायला गेले होते. कुणी मोजलं नाही मोठ्याने, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चुना मात्र सरळ पडला होता. मी मनाशी म्हणाले, बघा, आता होईल.

सरांनी सात पोरी गोंदियातून आणल्या. त्यांना प्रमाणपत्र हवं होतं. आमच्या गावच्या पाच उरल्या, त्यातल्या तीन बाकावर बसायच्या. कॅप्टन बाकावरच्यांपैकी एक होती. सर म्हणाले तिला तंत्र नाही. तिने एक महिना दम धरला, मग तिच्या घरच्यांनी तिचं लग्न जमवलं. लग्नाचा ब्लाउजही मीच शिवला. 

होळीच्या आधी नागपूरला विभागाची स्पर्धा झाली. मी गेले नाही. संध्याकाळी एका पोरीच्या आईचा फोन आला. पहिल्याच सामन्यात बाहेर. मागच्या सातही वर्षांपेक्षा जास्त फरकाने. पोरींनी जीव तोडून पळून बघितलं, त्या बाई म्हणाल्या, पण समोरच्या पोरींना लहानपणापासून मैदान आहे, बूट आहेत, रोज दूध आहे. आमच्याकडे कितीही मोजलं तरी हे येत नाही. त्या म्हणाल्या आणि मला पटलं. बाबूजींनी त्यांच्या चांगल्या दिवसांत आम्हाला कसं काय तिथपर्यंत नेलं होतं, हाच खरं तर विचार करायला हवा होता. तो तेरा जणींपैकी एकीनेही केला नव्हता.

बाबूजी ओट्यावर बसले होते. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं नाही, पण वाट बघत होते हे दिसत होतं. मी सांगितलं.

“हारल्या?”

“हो.”

“मैदान पुरं होतं नं? टेपवालं?”

“पुरं होतं बाबूजी. नव्वद.”

मला वाटलं ते खूश होतील. थोडे तरी. निदान नाकातून हसतील, जसे बैठकीत हसले होते. पण त्यांचा चेहरा उतरला. पोरी हरल्याचं त्यांना वाईट वाटत होतं, अगदी तेव्हा वाटायचं तसंच. त्यांनी आपला गुडघा दोन्ही हातांनी धरला. मग माझ्याकडे न बघता, राग नाही काही नाही, एखादं राहून गेलेलं विचारावं तसं त्यांनी विचारलं,

“मंग आमाले कायले काढलं, बाई?”

टेप माझ्या गळ्यात होता. मी आत गेले आणि मशीनवर बसले. पायडल मारायला पाय उचलला, पण बराच वेळ तो तसाच राहिला.